गोल्फच्या मैदानावरची हराळी आणि आपल्या रानातला लव्हाळा

ज्या गवताच्या काशा वेचता वेचता आपल्या वाडवडिलांच्या कमरा वाकल्या, तेच गवत कोणी मुद्दाम लावतो, त्यास खतपाणी देतो आणि त्यात दुसरे काही उगवू नये म्हणून पगारी माणसे ठेवतो, असे सांगितले तर पुष्कळ वाचकांस ती थट्टा वाटेल. परंतु गोल्फ नावाच्या खेळाच्या मैदानावर हा प्रकार बारमाही चालतो. हराळी हे तेथील पीक होय. लव्हाळा, राननाचणी, घोळ, दुधी, एकदांडी ही तेथील तणे होत. मैदान राखणाऱ्यास हराळी जगवावयाची असते व आपणांस ती मारावयाची असते, पण तिचा स्वभाव दोघांसही सारखाच ओळखावा लागतो. तिला जगविणारा जे कटाक्षाने टाळतो, ते मारणाऱ्याने कटाक्षाने करावयाचे, इतकाच काय तो फरक. या कारणास्तव श्रीमंतांच्या या खेळाचा विषय शेतकऱ्यांच्या मासिकात आणण्यास हरकत नसावी.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडच्या समुद्रकाठचा. तेथील हवा थंड, जमीन वाळूची, आणि गवतेही थंडीत वाढणारी. इंग्रजांनी तो हिंदुस्थानात आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा असून ब्रिटनबाहेरील तो सर्वांत जुना मानतात. येथे स्कॉटलंडची गवते उन्हाळ्यात टिकेनात, व जेथे पाणी नव्हते तेथे तर खळग्याभोवती गवताऐवजी तेलात कालवलेली वाळू पसरून काम भागवीत. पुढे पाण्याची सोय झाली तसतशी जागा हराळीने घेतली. अठरा खळग्यांच्या मैदानास सव्वाशे-दीडशे एकर जमीन सहज लागते. तीत खळग्याभोवतालचा जो अत्यंत गुळगुळीत तुकडा, त्यास ग्रीन म्हणतात; तेथवर चेंडू नेण्याचा लांब पट्टा म्हणजे फेअरवे. खेळाची याहून अधिक माहिती प्रस्तुत लेखास नको.

हराळी म्हणजेच आपल्या गणपतीच्या दूर्वा. मात्र ग्रीनवर रानातील दूर्वा चालत नाहीत, त्यास बारीक पानांची संकरित जात लागते. अशा जाती अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात टिफ्टन येथील संशोधन केंद्रावर ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तयार केल्या. त्याने १९४३ साली हराळीची वैरणीसाठी एक जात दिली, व १९५६ साली ग्रीनसाठी टिफग्रीन ही जात दिली. तिला बी धरत नाही. उसाप्रमाणे कांड्या लावूनच ती वाढवावी लागते. आपल्या बाजरीवाल्या बंधूंस या टिफ्टनचे एक ऋण ठाऊक असावे. त्याच बर्टनने तयार केलेल्या टिफ्ट २३ अ या नरवंध्य वाणापासून १९६५ साली आपल्याकडील पहिली संकरित बाजरी, एच. बी. १, निघाली. तिने उत्पन्न वाढविले खरे, पण त्या एकाच मादी वाणावर सारी भिस्त राहिल्याने १९७० नंतर गोसावी रोगाने तिची दाणादाण उडविली, हेही जुन्या लोकांच्या स्मरणात असेल. ग्रीनची हराळी तर एकाच रोपाची कांडी-कांडीने पसरलेली संतती. म्हणून तेथे रोगाचा एक ठिपका दिसताच माळी लोक धावतात, त्यात नवल नाही.

आता वर्षाचे काम पाहू. हराळीचे खरे दिवस उन्हाळ्याचे. चैत्र-वैशाखात, पाणी मिळाले तर, ती जितकी पसरते तितकी इतर ऋतूंत पसरत नाही. म्हणून मोठी शस्त्रक्रिया याच वेळी करतात. रोजच्या पायदळणीने व यंत्रांच्या वजनाने ग्रीनखालची जमीन दगडासारखी होते, मुळांस हवा मिळत नाही. तेव्हा पोकळ दात्यांचे एक यंत्र फिरवून तीन-चार इंच खोल मातीच्या नळकांड्या उपसून काढतात, व पडलेल्या भोकांत वाळू भरतात. आठ-पंधरा दिवस मैदान देवी आल्यासारखे दिसते, पुढे भरून येते. गवत सुस्त असता, म्हणजे थंडीत, हे काम केल्यास भोके बुजत नाहीत व त्यांत तण शिरते.

हा सारा खटाटोप तणासाठीच आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. राननाचणी म्हणून जे चपटे, जमिनीस चिकटून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरणारे गवत आपण पायवाटेवर व खळ्याभोवती पाहतो, ते आपल्या नाचणीचे सगोत्र होय. घट्ट जमिनीत हराळीचे मूळ गुदमरते, पण राननाचणी तेथे मजेत वाढते. म्हणून जाणता माळी राननाचणी दिसताच औषधाचा डबा शोधीत नाही. प्रथम तेथे सळई खुपसून जमीन किती घट्ट आहे ते पाहतो. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या चाकोरीत आणि बैलगाडीच्या वाटेवर तेच तण का माजते, याचे उत्तर यात आहे. तण हे पुष्कळदा रोग नसून रोगाचे लक्षण असते. तणनाशकाच्या दुकानात हे कोणी सांगणार नाही, कारण सळई त्या दुकानात विकत मिळत नाही.

कापणीचाही नियम ऐकण्यासारखा आहे. ग्रीनवरील गवत बहुधा रोज कापतात, व त्याची उंची तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकी, ठेवतात. फेअरवेवर ती अर्ध्या इंचाच्या आसपास असते. परंतु एका वेळी पानाच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापावयाचा नाही, असा दंडक आहे. पान एकदम उतरविले की मूळ उपाशी पडते, गवत विरळ होते, जमिनीवर ऊन पडते आणि त्या उन्हाबरोबर तणाचे बी जागे होते. हराळी इतकी आखूड कापली तरी जगते, कारण ती आडवी पसरते. तिला सहन होत नाही ती सावली. मैदानावर झाडे दाट झाली की त्यांखालची हराळी प्रथम विरळ होते व मग जाते. मग झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात.

येथे आपला फायदा आहे. ज्या रानात हराळी माजली असेल, तेथे नांगरून काशा वेचल्यावर पावसाळ्यात ताग किंवा धैंचा दाट पेरावा. त्यांची सावली गच्च पडली म्हणजे उरलेल्या काशांचे कोंब वर येऊन फिके पडतात व आपला साठा खर्चून बसतात. लव्हाळ्यासही सावली मानवत नाही. उलट, विरळ पेरलेले व खतास मुकलेले पीक म्हणजे हराळीस दिलेले आमंत्रणच. महसुली दप्तरात उमेदीची वर्षे गेल्याने एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पीकपाहणीच्या रकान्यात अशी रानेच्या राने 'पड' म्हणून लागतात. त्या पडीमागे पाण्याचा तोटा नसून हराळी आहे, हे त्या रकान्यात कधीच दिसत नाही.

पावसाळा ही मैदानावरील खरी कसोटी. ढगाळ हवेने हराळीचा जोर ओसरतो आणि तणांस ऊत येतो. बियांपासून येणाऱ्या तणांचा बंदोबस्त उगवणीपूर्वीच करावयाचा असतो. रोहिणी-मृगाच्या सुमारास जमीन ओलावली की उगवणीपूर्व तणनाशकाचा पातळ थर मातीवर बसवितात, व कोंब त्या थरातून वर येतानाच मरतो. कांदा व सोयाबीन करणाऱ्या शेतकऱ्यांस पेंडीमेथॅलिन याच कारणासाठी माहीत आहे. मात्र हे औषध कोरड्या ढेकळांवर मारले, अथवा तण दोन पानांवर आल्यावर मारले, तर पैसे मातीत गेले असे समजावे. आणि काशी किंवा गाठ यांपासून फुटणाऱ्या जुन्या तणास त्याची बाधा होत नाही.

म्हणजे उरला लव्हाळा. १९७७ साली लेरॉय होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत त्रासदायक तणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला मान लव्हाळ्याचा, दुसरा हराळीचा व पाचवा राननाचणीचा आहे. तेव्हा आपल्या दुखण्यात आपण एकटे नाही. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. त्याचा दांडा बोटांत धरून फिरवावा. तो तीन धारांचा लागतो, गवताचा तसा लागत नाही. वरचा दोन-चार पानांचा झुबका म्हणजे दाराबाहेर ठेवलेला जोडा; घरातला माणूस खाली आहे. जमिनीत सुमारे अर्ध्या फुटात गाठींची माळ असते. माळ अखंड असेतोवर बहुधा टोकाची गाठ फुटते व बाकीच्या निजून राहतात. खुरप्याने शेंडा उपटला की खालची दुसरी गाठ जागी होते. कुळवाने माळ तुटली की तुकड्या-तुकड्यातील गाठी स्वतंत्र संसार मांडतात. नवा कोंब वर आल्यापासून तीन ते सहा आठवड्यांत त्याच्या मुळाशी नव्या गाठी धरू लागतात. सारे गणित या तीन-सहा आठवड्यांचे आहे. त्यांच्या आत जो लव्हाळ्यावर हात टाकील त्याने गाठी धरू दिल्या नाहीत; त्यांच्या नंतर ज्याने खुरपणी केली त्याने मजुरी देऊन पेरणी केली.

अमेरिकेत हिरवळीच्या मैदानांवर लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे औषध वापरतात, आणि तेच आपल्याकडे उसातील लव्हाळ्यासाठी मंजूर आहे. ऊस व हराळी दोन्ही गवताच्या कुळातील असल्याने ती सोसतात, लव्हाळा त्या कुळातील नसल्याने त्यास सोसत नाही. यावरूनच उघड होते की उसातील हराळी या औषधाने जाणार नाही. तशी अपेक्षा धरून दुकानदाराशी भांडण काढणारे पाहण्यात आहेत. ७५ टक्के भुकटीचे प्रमाण एकरी ३६ ग्रॅम आहे. लव्हाळा चार-पाच पानांवर, हिरवा व जोमदार असता, जमिनीस वाफसा असता फवारावे. फवारल्यावर पाने पिवळी पडण्यास आठ-पंधरा दिवस लागतात, कारण औषध पानातून गाठीकडे उतरावे लागते. या अवधीत उतावळेपणाने खुरपणी केली की औषधाची वाटच तोडली. उसात भाजी किंवा कडधान्याचे आंतरपीक असल्यास मात्र हे औषध घेऊ नये.

ज्यास औषध घ्यावयाचे नाही त्यास उन्हाळा आहे. रान रिकामे होताच खोल नांगरून गाठी व काशा वर आणाव्यात, आणि भर उन्हात आठ-पंधरा दिवसांनी पाळी घालून त्या पुनः उलथाव्यात. गाठीतील ओल आटली की ती मेली. मात्र एका पाळीने भागत नाही, आणि मधेच वळवाचा पाऊस झाला तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

पाऊस सरल्यावर, हस्ताच्या पुढे, हराळी आपले अन्न पानांतून काशांकडे उतरवू लागते. मैदानावरील माळी या वेळी तिला पोसतो, म्हणजे ती थंडी काढील. ज्यास ती मारावयाची आहे त्याने हीच संधी साधावी, कारण अन्नाबरोबर औषधही खाली जाते. रिकाम्या रानासाठी येथे ग्लायफोसेटचे नाव निघते. ते प्रत्येक हिरव्या झाडास मारणारे असल्याने उभ्या पिकाजवळ त्याचे काम नाही. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली होती, तेव्हा घेण्यापूर्वी नियम काय आहे ते कृषी खात्यात विचारावे. एकाच औषधावर वर्षानुवर्षे विसंबण्याचा परिणाम मलायात दिसला. तेथे याच ग्लायफोसेटला न जुमानणारी राननाचणी १९९७ साली आढळली. रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी मैदानावरही वापरतात व उसातही, परंतु वाऱ्याने त्याचा फवारा शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षबागेवर गेल्यास पाने पंजासारखी आकसतात. बांधाचे तंटे काय थोडे आहेत, की त्यांत या तंट्याची भर घालावी?

थंडीत मैदानावर काम थोडे. हराळी सुस्त होते, उत्तरेकडे तर ती तांबूस पडते. पाणी व खत दोन्ही बेताने देतात. पाण्याबद्दल इतके बोलल्याखेरीज राहवत नाही की दुष्काळी तालुक्यात खेळाच्या गवतास गोडे पाणी देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शहराचे सांडपाणी शुद्ध करून मैदानांस देता येते व पुष्कळ ठिकाणी तसे देतातही. तोच मार्ग रास्त आहे.

राहता राहिली तणाच्या प्रवेशाची गोष्ट. मैदानावर नवी लावण करताना कांड्यांबरोबर आलेली माती झटकून पाहतात. तीत लव्हाळ्याची एखादी गाठ आढळली तर ती गाडी परत पाठवितात. वाळूही चाळून घेतात. आपल्याकडे लव्हाळा बहुधा तीन वाटांनी येतो: तळ्याच्या गाळातून, रोपवाटिकेतील रोपांच्या मातीतून, आणि भाड्याच्या रोटाव्हेटरमधून. तिसरी वाट सर्वांत वाईट, कारण ते यंत्र गाठींच्या माळा तोडते आणि पात्यांना चिकटलेल्या काशा घेऊन दुसऱ्याच्या रानात जाते. भाड्याचे यंत्र बांधावर आल्यास ते रानात शिरण्यापूर्वी बांधावरच खरडून धुऊन घ्यावे, आणि निघालेली माती उकिरड्यावर न टाकता उन्हात पसरून वाळवावी.