प्रश्नमंजूषेचा मराठी पुनर्जन्म

ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेली आणि ३ जुलै २००० पासून ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने भारतात घरोघरी पोचलेली प्रश्नमंजूषा मराठीत पुन्हा पुन्हा उभी राहिली; २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ सादर केले, तर २०१९ मध्ये सोनी मराठीने नागराज मंजुळे यांच्या सूत्रसंचालनाखाली तोच खेळ ‘कोण होणार करोडपती’ म्हणून नव्याने मांडला. चार पर्याय, चढत जाणारी रक्कम आणि ‘लाइफलाइन’, म्हणजे अडलेल्या स्पर्धकाला मोजक्याच वेळा घेता येणारी मदत, हा सांगाडा कायम राहिला. हिंदी आवृत्तीत मात्र २०१७ पासून घरचा प्रेक्षकही मोबाइलवर त्याच वेळी उत्तरे देऊ लागला.

तरीही नूतनीकरणाची खरी कसोटी तंत्रापेक्षा प्रश्नांच्या निवडीत लागते. जळगावजवळील असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, परंतु शेती, सणवार आणि माणसांचे स्वभाव यांविषयीची त्यांची जाण असामान्य होती. ज्ञान केवळ पुस्तकांत नसते; म्हणून लेवा गणबोली आणि अहिराणी या खानदेशातील बोलींमधील शब्द, केळी-कापसाची लागवड व जात्यावरच्या ओव्या यांना सामान्यज्ञानाच्या प्रश्नसंचात राजधान्या आणि पुरस्कारांच्या बरोबरीचे स्थान मिळालेच पाहिजे.