गाडी कोण विकतो?

आपल्या वस्त्यांमधली बरीच मुले हल्ली मोटारगाड्यांच्या शोरूममध्ये कामाला लागतात. कोणी सेल्समन होतो, कोणी मेकॅनिक, कोणी गाड्या धुतो. उद्या त्यांतलाच एखादा मॅनेजर होईल. त्याच्यासाठी हे चार शब्द.

गाडी टायवाला सेल्समन विकतो, असे लोकांना वाटते. मलाही वाटायचे, आणि मी तर अशाच एका शोरूमच्या अकाउंट्समध्ये बारा वर्षे कारकून होतो. दर महिन्याला इन्सेंटिव्हचा तक्ता माझ्याच हातचा असे. त्यात नावे नऊ, सगळी सेल्सची. पण गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत तिला किती हात लागतात ते बघा. ड्रायव्हर ती यार्डातून आणतो. मेकॅनिक बॅटरी, ऑइल, दिवे, टायरची हवा तपासतो. मुलगा धुऊनपुसून चकचकीत करतो. कोणी विम्याचे बघतो, कोणी आरटीओचे. एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही डीलरकडूनच बसवून मिळते. यातला एक अडला की गाडी अडली.

एका दसऱ्याला आमच्याकडे नेमके हेच झाले. वॉशिंगची चार मुले आदल्या रात्री दोनपर्यंत राबली होती. सकाळी साहेबांनी सेल्समनना पेढे आणि पाकिटे वाटली. मुले बाजूला उभी. ती ठेकेदाराची, म्हणून यादीत नाहीत. त्यातला एक आमच्याच वस्तीतला. हळूच म्हणाला, "काका, आमचं नाव लिहायचं विसरलात काय?"

"अरे, यादी वरून येते," मी म्हणालो. खरे तर वर जाऊन मी कधी विचारलेच नव्हते.

दुपारी चौघेही न सांगता निघून गेले. अकरा गाड्या यार्डात धुळीने माखलेल्या, आणि माणसे बायकापोरांसह हार-नारळ घेऊन ताटकळत बसलेली. शेवटी टाय खांद्यावर टाकून सेल्समनच बादल्या घेऊन धावले. त्या दिवशी त्यांना पाण्याचा नळ कुठे आहे तेही ठाऊक नव्हते!

पुढच्या वर्षी नवे मॅनेजर आले. स्वतः मेकॅनिकपासून वर चढलेले. त्यांनी सकाळची मीटिंग एसी हॉलमधून वर्कशॉपमध्ये नेली. पहिल्यांदा यार्डाचा ड्रायव्हर बोलायचा: आज किती गाड्या तयार होतील. सेल्समनने ग्राहकाला तारीख द्यायची ती त्यानंतर. पूर्वी गाडीला ओरखडा पडला की ड्रायव्हर ती बाजू भिंतीकडे करून गाडी लावायचा, कारण सांगितले की पगारातून कापत. नव्या साहेबांनी ती कापाकापी बंद केली. मग ओरखडे त्याच दिवशी कळू लागले आणि ग्राहक येण्याआधी पेंटरच्या हाताखालून जाऊ लागले.

पैशाचेही बदलले. सेल्समनचे कमिशन कायम राहिले. (ते राहिलेच पाहिजे. सगळ्यांना सारखे वाटले की जास्त धावणारा कंटाळतो.) पण वेळेवर, तक्रारीशिवाय गेलेल्या प्रत्येक गाडीमागे ठराविक रक्कम सर्वांच्या खात्यात पडू लागली, ठेक्यावरच्या मुलांच्यासुद्धा. यावर एक चांगला सेल्समन रागावून सोडून गेला, हेही सांगितले पाहिजे. मुलांचे पैसे ठेकेदाराच्या हाती न देता व्हाउचरवर सही घेऊन मी स्वतः देत असे. मधल्या मध्ये गळती नको.

कोणाला कुठे उभे करतात, हा प्रश्न आला की मला अमेरिकेतले एडवर्ड डेव्हिस आठवतात. डेट्रॉइटजवळच्या एका मोटार डीलरकडे 1930 च्या दशकात हे कृष्णवर्णीय गृहस्थ गाड्या विकत. गोऱ्या सेल्समनना ते शेजारी नकोत, म्हणून त्यांचे टेबल वरच्या मजल्यावर, सामानाच्या खोलीत. तिथूनही त्यांनी गाड्या विकल्या. पुढे स्टुडबेकर कंपनीची एजन्सी मिळवली, 1963 मध्ये क्रायस्लरची. अमेरिकेत नव्या गाड्यांचे पहिले कृष्णवर्णीय डीलर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. शोरूममध्ये त्यांना खुर्ची न देणाऱ्यांनी किती मोठा माणूस सामानात टाकला होता!

आमचा तक्ता पुढे दोन पानांचा झाला. वस्तीतल्या त्या मुलाला मी निरोप धाडला, ये म्हणून. तोवर तो दुसऱ्या शोरूममध्ये लागला होता. त्याची आई म्हणाली, "तिथं तरी नाव लिहितात का, ते विचारून सांगते."