उरलेला हायड्रोजन

हायड्रोजन 10 ग्रॅम, ऑक्सिजन 10 ग्रॅम. पाणी किती तयार होईल? वर्गात हा प्रश्न टाकला, की ‘20 ग्रॅम’ हे उत्तर बऱ्याचदा येतं.

समीकरण सांगतं, हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक. हे प्रमाण संख्येचं आहे, वजनाचं नव्हे. मुलं अडखळतात ती नेमकी इथेच. रेणू एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून मोल. 2019 पासून एक मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण, अशी व्याख्या आहे. हायड्रोजन वायूचा एक मोल भरतो सुमारे 2 ग्रॅम, ऑक्सिजनचा 32.

म्हणजे 4 ग्रॅम हायड्रोजनला 32 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, चांगला आठपट! आपल्या 10 ग्रॅम ऑक्सिजनला 1.25 ग्रॅम हायड्रोजन पुरतो. पाणी होतं 11.25 ग्रॅम आणि 8.75 ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो.

सूत्र पाठ करून घेण्याआधी हा उरलेला हायड्रोजन मुलांनाच शोधू द्यावा. मग चुनखडीकडे वळावं: 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की 56 ग्रॅम कळीचा चुना हाती येतो, बाकीचे 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन भट्टीतून निघून जातात.