निवड ज्याची त्याची: अस्तित्ववाद आणि कोकणातलं समाजकार्य

मराठी वाचकाला अस्तित्ववाद भेटला तो साहित्यातून. 1963 साली ‘कोसला’ आली, लघुनियतकालिकांनी सार्त्र आणि कामू कॉलेजच्या कट्ट्यांवर आणले, दि. के. बेडेकरांनी ‘अस्तित्ववादाची ओळख’ करून दिली. पुढे या विषयावर आपल्याकडे जे लिहिलं गेलं ते बहुतेक समीक्षकांनी. आमच्यातल्या काही समाजकार्यकर्त्यांनी हेच तत्त्वज्ञान वॉर्डात, वाडीवर आणि पुराच्या चिखलात वापरून पाहिलं. त्याची नोंद फारशी कुठे नाही, म्हणून हा आढावा.

परदेशी इतिहास लवकर उरकतो. व्हिक्टर फ्रँकल छळछावणीतून वाचला आणि 1946 साली त्याचं प्रसिद्ध पुस्तक आलं, हे सगळे सांगतात. त्याआधी, ऐन तिशीच्या आत, त्याने व्हिएन्नात शाळकरी मुलांसाठी मोफत सल्लाकेंद्रं चालवली आणि निकालाच्या दिवसांत मुलांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी खास मोहीम काढली, हे फारसं कुणी सांगत नाही. ते काम सरळसरळ समाजकार्यच होतं. 1978 मध्ये डोनाल्ड क्रिल या अमेरिकन प्राध्यापकाने अस्तित्ववादी समाजकार्यावर पुस्तक लिहिलं. भ्रमनिरास, निवडीचं स्वातंत्र्य, दुःखातला अर्थ, संवाद आणि बांधिलकी हे त्याचे पाच खांब. 1992 मध्ये ब्रिटनमध्ये नील थॉम्प्सन याने सार्त्रचा धागा पुढे नेला. आपल्याकडे मुंबईत 1936 साली टाटांचं समाजकार्याचं विद्यालय निघालं, व्यक्तिसहाय्य कार्य अमेरिकेतून आलं, मग समुदाय संघटन, मग हक्कांची भाषा. या सगळ्यात अस्तित्ववादाच्या वाट्याला एखादं व्याख्यान आलं तर आलं.

माझा जीव गुंतला तो मनोरुग्णांच्या पुनर्वसनात. रत्नागिरीत 19व्या शतकापासून मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, नागपूर यांच्या जोडीचं. त्यामुळे या गावाला हा प्रश्न परका नाही. बरा झालेला माणूस आणि त्याला न्यायला न आलेलं घर यांच्यामध्ये समाजसेवा अधीक्षक उभा असतो. हातात केसपेपर, त्यावर गृहभेटीचा अहवाल आणि नातेवाइकांचा जबाब.

असाच एक खलाशी आठवतो. ओळखीच्या खुणा बदलून सांगतो. औषधं लागू पडली होती, झोप येत होती, बडबड थांबून बराच काळ लोटला होता. भावाच्या घरी खेपा झाल्या. भाऊ वाईट नव्हता. मुलीचं लग्न जमत होतं आणि सोयरिकीच्या लोकांसमोर हा घरात नको होता. आम्ही बैठका घेतल्या, भावाला समजावलं, आश्रमांची चौकशी केली. या सगळ्या काळात खलाशी बाकावर बसून असायचा. शेवटी त्याच्यापाशी बसून एवढंच विचारलं, “तुझ्या मनात काय आहे?” तो बराच वेळ बोलला नाही. बोट नखाने कुरतडत राहिला. मग म्हणाला, “मला तेच्याकडं जायाचाच नाय. तुमी सांगा तेला, मीच येत नाय म्हणून.” थोड्या वेळाने पुढे म्हणाला, “दर्यावर नको. जाळी विणीन.”

परिस्थिती तसूभर बदलली नव्हती. भावाचं दार तेव्हाही बंद होतं. पण आता तो टाकून दिलेला माणूस नव्हता, तो नकार देणारा माणूस होता. पुढे बंदरावर एका नाखव्याने त्याला जाळ्यांच्या कामावर घेतलं, निजायला जागा दिली, आणि गोळ्या घेण्याची जबाबदारी त्याने स्वतः उचलली. सार्त्रच्या जाड ग्रंथात जे स्वातंत्र्य आहे ते मी त्या बाकावर पाहिलं.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हीच गोष्ट कलमात बांधली. आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमू शकतो. समाजात राहण्याचा हक्क त्याला आहे. कायद्याची कार्यशाळा घेणारे पुष्कळ भेटतात. रुग्णापाशी बसून हे लिहून घेणारे क्वचित.

आता वादाचा मुद्दा. काही विद्वान मित्र वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की हा पोटभरल्यांचा विचार आहे. गरिबाला निवड कसली? त्यांनी सिमोन द बोव्हारचं 1947 चं नीतिशास्त्र वाचावं. माझं स्वातंत्र्य इतरांचं स्वातंत्र्य मागितल्याशिवाय पुरं होत नाही, हा तिथला गाभा आहे. रेशनकार्ड, पेन्शन, घराचा उतारा यांसाठी तहसील कार्यालयात खेटे घालणं हे अस्तित्ववादी कामाच्या बाहेरचं नाही. पण कागद मिळवून देऊन त्या माणसाचं काय करायचं हे आपणच ठरवायचं, याला माझा विरोध आहे. दुसरी फळी ‘सकारात्मक राहा’ सांगणाऱ्यांची. दुःखाला ताबडतोब हसरा चेहरा लावण्याची ही घाई दुखावलेल्या माणसाला आणखी एकटं पाडते.

कोकणाला हे शिकवायला पॅरिस लागलं नाही. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. गावकीची नजर काय असते ते ज्यांनी भोगलं त्यांना सार्त्रची ‘दुसऱ्याची नजर’ समजावून द्यावी लागत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला तो 2016 चा. वाळीत प्रकरणांत मी गेलो तेव्हा एकेकटा गावकरी हमखास म्हणायचा, “माझं काही नाही, गावकीने ठरवलंय.” आपण निवड केलीच नाही असं स्वतःला पटवून देणं याला सार्त्रने आत्मवंचना मानलं. तिथे कामाला सुरुवात एकेकट्याशी बोलण्यापासूनच करावी लागते.

आणि हळबे मावशी! इंदिराबाई हळबे यांनी वैधव्यानंतर देवरुख गाठलं, 1954 साली लहानशा प्रसूतिगृहापासून मातृमंदिर उभं केलं, पुढे निराधार मुलांसाठी ‘गोकुळ’ काढलं. त्या काळात विधवेचं आयुष्य काय असावं हे समाजाने आधीच लिहून ठेवलेलं होतं. मावशींनी ते मानलं नाही. आपण कोण हे त्यांनी कामातून घडवलं. अस्तित्व आधी, सत्त्व नंतर, हे सूत्र विद्यार्थ्यांना शिकवायचं तर मी त्यांना देवरुखला नेईन.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरचे दिवसही या आढाव्यात हवेत. सार्त्रने 1960 च्या ग्रंथात बसच्या रांगेचं उदाहरण दिलं आहे: माणसं शेजारी उभी, पण एकमेकांशी संबंध नाही. मदतीच्या किटसाठी लावलेल्या रांगा तशाच होत्या. त्याच गावात आधी अनोळखी माणसं एकमेकांच्या घरातला चिखल उपसत होती. मदत घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांनी रांगा लावल्या, चिखल उपसणारे गट मोडले. समुदाय संघटनाचा यापेक्षा स्पष्ट धडा मला माहीत नाही.

हल्लीचं काम मला अस्वस्थ करतं. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरली. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. या आकड्यांमागे कुलूपबंद घरं आहेत आणि मुंबईच्या फोनची वाट पाहणारी म्हातारी माणसं आहेत. बोव्हारने 1970 मध्ये वार्धक्यावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला तो याच प्रश्नावर: ज्याच्याकडून आता कुणाला काही नको, त्याच्या दिवसाला अर्थ कुठून येणार? आमच्याकडे येणारी एमएसडब्ल्यूची मुलं हुशार आहेत, पण त्यांच्या हातात टॅब असतो. लाभार्थीचं नाव, आधार, बीपी, फोटो, पुढचं घर. आजी पुढच्या वर्षी भात लावायचं की शेत पड टाकायचं याचा विचार करत असते, आणि त्यासाठी रकाना नाही.

समाजकार्य महाविद्यालयांकडे माझं एक मागणं आहे. क्षेत्रकार्याच्या अहवालात एक पान कोरं ठेवा. त्यावर त्या माणसाने स्वतःबद्दल काय ठरवलं ते त्याच्याच बोलीत लिहून आणायला सांगा, आणि ते पान भरेपर्यंत विद्यार्थ्याला दुसरं घर देऊ नका.