पोटदुखी आणि सात अक्षरांचा कोड

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या रूममधला मित्र पोट धरून बसला. आधी सगळ्यांनी मेसच्या वांग्याच्या भाजीवर खापर फोडलं. पण ताप चढला, उजवीकडे खाली हात लावू देईना, तेव्हा रेक्टर सरांना उठवलं आणि सुप्याहून थेट नगर गाठलं.

सोनोग्राफीत नीट कळेना. अपेंडिक्सची शंका, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीतून पोट तपासलं. अपेंडिक्स ठणठणीत! आतड्याच्या पडद्यातल्या गाठी सुजल्या होत्या. सलाईन, औषधं झाली आणि चौथ्या दिवशी गडी परत आला. विम्याचा दावा मात्र नामंजूर. कारण काय, तर ‘केवळ तपासणीसाठी दाखल’. वडील कांद्याचे पैसे हॉस्पिटलात भरून बसलेले.

तेव्हा आम्ही ते कागद उघडून बसलो. दाव्याच्या फॉर्मचा ‘अ’ भाग आपण भरतो, ‘ब’ भाग हॉस्पिटल भरतं. ‘ब’ भागात दोन प्रकारचे कोड असतात. आजाराचा कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीतला, तो ‘का केलं’ हे सांगतो. दुसरा पीसीएस नावाच्या अमेरिकन पद्धतीतला, तो ‘काय केलं’ हे सांगतो.

पीसीएस कोड आपल्या पीआरएन नंबरसारखाच, प्रत्येक जागेला अर्थ. दुर्बिणीतून पोट तपासण्याचा कोड आहे ‘० डब्ल्यू जे जी ४ झेड झेड’. शून्य म्हणजे शस्त्रक्रिया विभाग, डब्ल्यू म्हणजे शरीराचा सर्वसाधारण भाग, जे म्हणजे पाहणी, जी म्हणजे उदरपोकळी, ४ म्हणजे छोट्या छिद्रातून दुर्बिणीने. शेवटचे दोन झेड म्हणजे आत काही बसवलं नाही आणि जास्तीचं काही सांगायचं नाही. शून्याशी आणि एकाशी गल्लत नको म्हणून ओ आणि आय ही अक्षरं यात वापरतच नाहीत!

समजा, बघता बघता अपेंडिक्स काढलं असतं, तर पाहणीचा कोड वेगळा लागत नाही. हायवेवरच्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडून पिस्टन बदलला, तर ‘उघडून बघण्याचे’ वेगळे पैसे आपण देतो का? तसंच. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बिलावर ही तपासणी सीपीटी ४९३२० या आकड्याने जाते, आणि तिथेही नियम हाच.

आता ‘का’ कडे वळू. अपेंडिक्सच्या तीव्र सुजेचा कोड के ३५. पण शंका खोटी ठरली, म्हणून तो लिहिता येत नाही. गाठींच्या सुजेचा आय ८८.०, तोच इथे बरोबर. काहीच सापडलं नसतं, तर ओटीपोटातल्या दुखण्याचा आर १०.३ लिहावा लागला असता.

घोळ नेमका इथे होता. विमा नियामकाने २०१९ मध्ये पॉलिसीतल्या अपवादांचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे केले. त्यातला चौथा अपवाद सांगतो की मुख्यतः तपासणीसाठीच दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही. मित्राच्या डिस्चार्ज कार्डावर दाखल होण्याचं कारण होतं ‘पोटाची तपासणी’. ताप, दुखणं, तीन दिवसांचे उपचार यांचा पत्ताच नाही. वाचणाऱ्याने तरी काय समजायचं?

रेक्टर सर वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. केसपेपरवर सगळं होतंच. त्यावरून दुरुस्त कार्ड आणि पत्र मिळालं, दावा पुन्हा पाठवला आणि दीड महिन्याने मंजूर झाला.

तर मित्रांनो, डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी वाचा. दाखल का झालो, शेवटचं निदान काय, उपचार कोणते दिले. चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा. मात्र घडलंच नाही ते लिहायला लावू नका, ती फसवणूक होते. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही.

वायव्हात उत्तर येत असूनही नीट मांडलं नाही की मार्क जातात. इथे बापाच्या कष्टाचे पैसे जातात. आणि हो, वांग्याची भाजी निर्दोष होती. मेसवाल्या काकांची जाहीर माफी!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल