श्रम आणि विसावा : बऱ्हाणपूरच्या मागावरून एक विचार

तापी नदीच्या काठी वसलेले बऱ्हाणपूर हे शहर शतकानुशतके कापडासाठी ओळखले जाते. सतराव्या शतकात भारतात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे नमूद करून ठेवले आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यापासून वेगळा होऊन मध्य प्रदेशचा स्वतंत्र जिल्हा बनलेला हा भाग जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून असल्याने तेथील व्यवहारात मराठीचा वावर सहजपणे आढळतो. या शहरातील हजारो यंत्रमागांवर आजही दिवसरात्र कापड विणले जाते. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील माग चालविणाऱ्या कामगारांचा आणि बऱ्हाणपूरच्या कामगारांचा प्रश्न एकच आहे. माग अखंड चालू शकतो, परंतु तो चालविणारा माणूस अखंड चालू शकतो काय?

हा प्रश्न केवळ मागापुरता मर्यादित नाही. शेतकरी, शिक्षक, परिचारिका, कार्यालयीन कर्मचारी आणि गृहिणी यांनाही तो भेडसावतो. तथापि यंत्रमागाच्या उदाहरणावरून तो अधिक स्पष्टपणे समजून घेता येतो.

कामाचा शीण म्हणजे काय?

दिवसभराच्या श्रमाने येणारा थकवा ही स्वाभाविक गोष्ट होय. पोटभर जेवण व रात्रीची शांत झोप मिळाली की तो उतरतो. परंतु काही वेळा झोपूनही थकवा जात नाही, सुटीच्या दिवशीही मन कामाच्या धास्तीतून सुटत नाही आणि ज्या कामाचा एकेकाळी अभिमान वाटत होता त्याच कामाचा वीट येऊ लागतो. इंग्रजीत या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. मराठीत तिला कामाचा साचलेला शीण म्हणता येईल.

न्यू यॉर्क येथील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये स्वयंसेवकांच्या अशा अवस्थेचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात तिची व्याख्या दिली असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले आहे. संघटनेने या अवस्थेला स्वतंत्र रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण योग्य रीतीने न हाताळला गेल्यामुळे ती उद्भवते, असे संघटनेचे म्हणणे आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी जाणीव.

या व्याख्येतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. शीण साचतो तो माणसाच्या आळसामुळे किंवा दुबळेपणामुळे नव्हे, तर कामाची रचना सदोष असल्यामुळे. म्हणून त्यावरील उपायही एकट्या माणसाच्या निश्चयावर सोडून चालत नाही.

गिरणीचे आठ तास, मागाचे बारा तास

बऱ्हाणपूर येथे १९०६ मध्ये ताप्ती मिल स्थापन झाली. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात महामंडळाच्या गिरण्यांचे उत्पादन थांबले, त्यात हीही होती. संघटित गिरण्यांमध्ये आठ तासांच्या पाळीची पद्धत रुजलेली होती. यंत्रमाग उद्योगात मात्र बारा तासांच्या दोन पाळ्यांची पद्धत बऱ्याच ठिकाणी रूढ आहे.

कामाच्या तासांवरील कायदेशीर मर्यादा क्रमाक्रमाने खाली आली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा तास, १९३४ मध्ये दहा तास आणि १९४६ मध्ये नऊ तास व आठवड्याला ४८ तास अशी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते. या शेवटच्या सुधारणेमागे त्यांचे प्रयत्न होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने ही मर्यादा कायम केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. संहितेनुसार दिवसाचे काम आठ तासांचे आणि आठवड्याचे कामाचे दिवस सहाच असावेत. जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यावयाचे असून त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावयाचा आहे.

याचा अर्थ असा की, बारा तासांची पाळी ही १९११ सालची मर्यादा होय. कायदा पुढे गेला, परंतु मागाचे घड्याळ तेथेच थांबले. याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, कामाच्या तासांविषयीच्या या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात, आणि पुष्कळसे माग घरालगतच्या लहान शेडमध्ये थोड्या माणसांवर चालतात. दुसरे कारण मजुरीच्या पद्धतीत आहे. विणकराला मजुरी तासावर नव्हे, तर विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. बारा तासांऐवजी आठ तास काम केले तर त्याच दराने त्याची कमाई एक तृतीयांशाने घटते. ती पूर्ववत ठेवावयाची तर मजुरीचा दर दीडपट करावा लागेल. लहान मागधारकही बहुधा व्यापाऱ्याकडून सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देतो. त्यामुळे एकट्याने दर वाढविणे त्यालाही शक्य होत नाही. ‘जरा विश्रांती घेत जा’ असा उपदेश विणकराला पोकळ वाटतो, तो याच कारणाने.

शरीरावर होणारे परिणाम

आठवड्यातील सहा दिवस बारा तासांप्रमाणे ७२ तास काम होते. ४८ तासांहून हे २४ तास अधिक आहेत. म्हणजे आठ तासांचे तीन जादा दिवस दर आठवड्याला कामात जातात. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाशी निगडित अशा मृत्यूंची संख्या जगभरात सुमारे ७,४५,००० होती.

मागावर आणखी काही गोष्टींची भर पडते. धोट्याच्या आघातांमुळे शेडमधील आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर राहतो. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. बारा तास हा आवाज सोसणाऱ्या कानाला सावरण्यास कमी वेळ मिळतो व ऐकू येणे हळूहळू कमी होते. सुताची तूस श्वासावाटे छातीत जाते. एकाच वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवून तुटलेला धागा जोडणे आणि रिकामी कांडी बदलणे यांत डोळ्यांना व पायांना उसंत मिळत नाही. रात्रपाळीत शरीराचे नैसर्गिक घड्याळ बिघडते. दिवसा घरातील गलक्यात व शेजारच्या मागांच्या खडखडाटात पुरेशी झोप लागत नाही. झोप उडविण्यासाठी मग तंबाखू व गुटख्याचा आधार घेतला जातो, आणि एका त्रासात दुसऱ्याची भर पडते.

सुटी कशी मिळाली?

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असत आणि त्यांना आठवड्याची नियमित सुटी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली.

या घटनेतून एक महत्त्वाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या काळी एखाद्या कामगाराने एकट्याने रविवारी घरी राहावयाचे ठरविले असते तर त्याची नोकरी गेली असती. एखाद्या मालकाने एकट्याने गिरणी बंद ठेवली असती तर शेजारच्या गिरणीने त्याच्यावर मात केली असती. सर्वांची सुटी एकाच वेळी ठरली, म्हणूनच ती टिकली. मालेगावात शुक्रवारी बहुसंख्य माग बंद असतात. त्या दिवशी एकाचा माग बंद आणि दुसऱ्याचा चालू अशी स्थिती नसल्याने कोणी कोणाच्या मागे पडत नाही. विश्रांती एकट्याला परवडत नाही. ती सर्वांनी मिळून ठरवावी लागते.

मागावर काय करता येईल?

मजुरीचा दर एका दिवसात दीडपट होणार नाही, हे उघड आहे. तथापि मधल्या काही पायऱ्या आजही गाठता येतील. गावातील किंवा मोहल्ल्यातील मागधारक व कामगार यांनी एकत्र बसून साप्ताहिक सुटीचा एकच दिवस ठरवावा आणि तो काटेकोरपणे पाळावा. सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती देण्याची १९४८ च्या कायद्यातील रीत लहान शेडमध्येही स्वेच्छेने पाळता येईल. चार-पाच शेड मिळून एक बदली विणकर ठेवल्यास त्या अर्ध्या तासात मागही बंद ठेवावे लागणार नाहीत. रात्रपाळी एकाच माणसाकडे कायमची न ठेवता आळीपाळीने द्यावी. कानात घालावयाची बोंडे व तोंडावर बांधावयाचे स्वच्छ फडके यांस फारसा खर्च येत नाही. मजुरीचा दर ठरविताना तासांचा प्रश्नही त्याच बैठकीत घ्यावा. दोन्हींचा विचार वेगवेगळा केल्यास एकही सुटत नाही.

घरातील न मोजलेली पाळी

पुरुषाची पाळी संपल्यावर भोंगा तरी वाजतो. घरातील स्त्रीच्या पाळीला भोंगा नसतो. कांड्या भरणे, स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास आणि वृद्धांची सेवा ही कामे पहाटेपासून रात्रीपर्यंत चालतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे असे आले. पाच वर्षांत दोन्ही आकडे थोडे उतरले, परंतु त्यांतील अंतर जवळजवळ तसेच राहिले. कुटुंबाने आठवड्यातून एकदा बसून घरातील कामांची वाटणी केली, तर सुटीचा दिवस घरातील स्त्रीलाही सुटीचा वाटेल. त्याचप्रमाणे रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सात तास सलग झोप मिळावी म्हणून अंधारी व शांत जागा राखणे, हेही घरातील सर्वांचे काम आहे.

शिक्षक व कर्मचारी यांचा वाटा

शिक्षकांना व शासकीय कर्मचाऱ्यांना निश्चित वेळ व सुट्या असतात. तरीही माणसांची सेवा हेच ज्यांचे काम, त्यांच्या मनावरील भार मोठा असतो. कामाची वेळ संपल्यानंतरही भ्रमणध्वनीवर येणारे निरोप व सूचना हे आजच्या काळातील नवे ओझे होय. तातडीचे नसलेले निरोप कामाच्या वेळेतच पाठविण्याचा संकेत कार्यालयप्रमुखांनी स्वतः पाळल्यास त्याचा लाभ सर्वांना होतो. वर्गात सतत पेंगणारे मूल आळशी असतेच असे नाही. घरी रात्रभर माग चालत असेल, किंवा ते मूल कांड्या भरत असेल. शिक्षकाने रागावण्यापूर्वी घरची चौकशी करावी.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, सतत चिडचिड, कशातच मन न रमणे, व्यसन वाढणे किंवा जगण्याचा वीट येणे अशी चिन्हे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य सल्ला मिळतो. असा सल्ला घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ मध्ये, बांधलेला कुंडी भांडारा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्यांना जोडणाऱ्या भुयारातून आपोआप शहराकडे वाहत येते. जितके झिरपते, तितकेच त्यातून मिळते. माणसाच्या शक्तीचेही तसेच आहे. ती भरून येण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ कामाच्या हिशेबात धरला पाहिजे. तो हिशेब एकट्या कामगारावर न सोपविता मालक, कामगार, कुटुंब व शासन यांनी एकत्र बसून मांडला, तर माग चालेल आणि तो चालविणारा माणूसही टिकेल.