मुलांसाठी स्वस्तातला टॅब घेताय? आधी घरातलं नेट कुणाच्या खिशात आहे ते बघा

ईदची ईदी, कुरआन शरीफ पूर्ण केल्याची खुशी, नाहीतर दहावीचे चांगले मार्क. निमित्त कुठलंही असो, मुलांची मागणी आता बहुतेक एकच असते, ती म्हणजे टॅब. टिटवाळा, मांडा, बल्याणी भागातली बरीच घरं महिन्याच्या पगारावर चालतात. दहा-बारा हजार रुपये अशा घरासाठी लहान रक्कम नाही. एकदा पैसे गेले आणि टॅब सहा महिन्यांत बंद पडला, तर दुसरा घेणं जमत नाही. मग नुकसान होतं ते मुलाच्या अभ्यासाचं. म्हणून दुकानात जाण्याआधी काय बघायचं, ते आम्ही इथे सोप्या भाषेत सांगत आहोत.

‘आकाश’ने शिकवलेला धडा

स्वस्त टॅबचा सर्वात मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब आणला. सरकारला तो एका नगामागे सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. पण आत रॅम होती फक्त २५६ एमबी, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा आणि स्क्रीन बोटाने जोरात दाबावी लागणारी. मुलं कंटाळली, टॅब मंद चालतो अशा तक्रारी आल्या. पुढच्या वर्षी सुधारित ‘आकाश २’ आणावा लागला.

२०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. कल्पना चांगली होती. पण २०१८ मध्ये आठवीची पुस्तकंच बदलली. म्हणजे टॅबमध्ये काय ‘भरून’ मिळतं यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. बालभारतीची पुस्तकं मराठी, उर्दू, इंग्रजी अशा सगळ्या माध्यमांत पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओही फुकट बघता येतात.

पहिला प्रश्न: दिवसा नेट कुठून येणार?

दुकानदार हा प्रश्न विचारत नाही, पण आपल्याकडे तोच सर्वात महत्त्वाचा आहे. नुसता वायफायवाला टॅब स्वस्त पडतो म्हणून लोक तोच घेतात. घरात वायफाय नसेल तर अब्बूंच्या फोनचं हॉटस्पॉट वापरायचं ठरतं. पण अब्बू सकाळी कल्याण-मुंबईकडे जाणारी लोकल पकडतात आणि हॉटस्पॉट त्यांच्यासोबत खिशातून निघून जातं. ते रात्री परत येईपर्यंत टॅब नुसता पडून राहतो.

यावर दोन उपाय आहेत. थोडे पैसे वाढवून सिमकार्डचा टॅब घ्यावा, पण मग दर महिन्याच्या रिचार्जचा खर्च आधीच हिशोबात धरावा. नाहीतर वायफायचाच घ्यावा आणि रात्री पुस्तकं, धडे डाउनलोड करून ठेवायची सवय लावावी. लहान इयत्तांसाठी दुसरा मार्ग पुरतो. रोज ऑनलाइन क्लास असेल तर सिमचाच घेतलेला बरा.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

रॅम किमान ४ जीबी आणि स्टोरेज किमान ६४ जीबी असावं. त्यापेक्षा कमी असेल तर वर्षभरात टॅब अडकायला लागतो. काही खोक्यांवर ‘४+४’ किंवा थेट ‘८ जीबी’ लिहिलेलं असतं. त्यातली चार जीबी कधीकधी स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते, ती खरी रॅम नाही. खरी किती, ते दुकानदाराला स्पष्ट विचारा.

अँड्रॉईडचं व्हर्जन आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हेही विचारा. फार जुन्या व्हर्जनवर नवीन ॲप हळूहळू चालेनाशी होतात. मेमरी कार्डाची जागा असेल तर उत्तम. पुस्तकं वाचायला साडेआठ इंचांपेक्षा लहान स्क्रीन घेऊ नये. पीडीएफमधली अक्षरं बारीक दिसतात आणि उर्दूची नस्तालिक लिपी वाचताना डोळ्यांवर जास्तच ताण येतो. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मात्र विसरून जा, अभ्यासाला साधा कॅमेरा पुरतो.

सॅमसंगची टॅब ए, लेनोवोची टॅब एम आणि रेडमी पॅड या मालिकांतली साधी मॉडेलं बहुतेक दहा ते पंधरा हजारांच्या घरात येतात. नाव न ऐकलेल्या कंपनीचा टॅब चार हजारांत ‘५१२ जीबी’ म्हणून कुणी देत असेल तर सावध व्हा. अशा मालात सेटिंगमध्ये दिसणारा आकडासुद्धा खोटा असू शकतो.

खरेदी कल्याणला करा, उल्हासनगरला करा, पण बिल घ्या

जीएसटीचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. टॅबवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की खरा-खोटा कळतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कल्याण-ठाण्यात आहे का, तेही आधीच बघून घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. फक्त आधीच्या मालकाचं गुगल अकाउंट तुमच्यासमोर काढून टॅब रिसेट करून घ्या, नाहीतर तो लॉक होऊन बसतो. सिमचा टॅब असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’वर तपासा. चोरीचा माल म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे समजतं. आखातातून मामू किंवा चाचा टॅब पाठवणार असतील, तर त्याची वॉरंटी भारतात चालते का हे त्यांना तिथल्या दुकानातच विचारायला सांगा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी का?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. बहुतेक योजनांत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार किमतीतून सूट म्हणून कमी करतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या खात्यात पडतो आणि कधीकधी प्रोसेसिंग फीसुद्धा. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळवलं होतं. व्याजापासून लांब राहायचं असेल तर कागद नीट वाचा, आपल्या आलिमांना विचारा. घरातल्या बायकांची बोली न लावणारी भिशी किंवा दोन ईदची साठवलेली ईदी हा जास्त सरळ रस्ता आहे.

आधी मोफत मिळतो का ते बघा

दहावी पास होऊन सायन्सला गेलेल्या ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी मुलांसाठी नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेची योजना आहे. तीत जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी ऑनलाइन कोचिंग, टॅब आणि इंटरनेट डेटा मोफत दिला जातो. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. तरी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढलेलं नसल्याने मुलं मागे राहतात. कागदपत्रं निकाल लागायच्या आधीच तयार ठेवा. अर्जाच्या तारखा आणि मार्कांच्या अटी महाज्योतीच्या वेबसाइटवर बघा.

टॅब घरी आल्यावर

पहिल्याच दिवशी ‘फॅमिली लिंक’ लावा. वेळेची मर्यादा, रात्रीचं लॉक आणि नवीन ॲपची परवानगी, सगळं अम्मीच्या फोनवरून ठरवता येतं. टॅबमध्ये यूपीआय किंवा कार्ड ठेवू नका, गेमच्या नादात पैसे जातात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र टॅब घेऊच नये असं आमचं मत आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. टॅब ‘मुलासाठी’ म्हणून येतो आणि बरेचदा भावाच्याच हातात राहतो. बहीण त्याचं होईपर्यंत वाट बघते, तोवर रात्र होते. बऱ्याच अँड्रॉईड टॅबमध्ये दोन वेगळे युजर बनवता येतात. दोघांची नावं टाका, दोघांच्या वेळा भिंतीवर लिहून लावा. सायन्सला जायचं स्वप्न तीही बघत असते. घरात एकच टॅब परवडत असेल, तर तो पहिल्या दिवसापासून दोघांचा असू द्या.